तिसऱ्या फेरीला पडायचं

रामचंद्र घोड्यावरून पडण्यात एक नंबर होता. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या त्या रिसॉर्टमध्ये दोन वर्षं तो आठवड्यातून सहा वेळा पडत होता आणि त्याचाच पगार घेत होता. जुन्या काळच्या युरोपातल्या शूरवीरांचा शो. लोक हाताने कोंबडी फाडत बसायचे, समोर वाळूच्या रिंगणात काळा सरदार आणि पांढरा राजपुत्र भाले घेऊन एकमेकांवर घोडे घालायचे. तिसऱ्या फेरीला काळ्याने पडायचं, राजकन्या पांढऱ्याला मिळायची, मग आइस्क्रीम.

काळा सरदार म्हणजे रामचंद्र. वय चव्वेचाळीस, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेला. इथे आला होता तबेला सांभाळायला. अंगाने दांडगा आणि तोंडाने फटकळ, म्हणून मॅनेजर फहदने त्यालाच पत्र्याच्या चिलखतात कोंबलं.

राजकन्या म्हणजे एचआरमधली दर्शना. मूळची नटी नोकरी सोडून गेली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून सज्जात उभी राहिली, ती वर्षभर तिथेच. शारजात वाढलेली, एकोणचाळीसची, आणि महाखोडकर. पहिल्याच महिन्यात तिने काळ्या सरदाराच्या पाठीवर गाडी शिकणाऱ्यांची पाटी चिकटवली. लोक का हसतायत ते रामचंद्रला तबेल्यात आल्यावर कळलं.

"मॅडम, परत असं केलंत तर घोडा तुमच्या गाऊनवर सोडीन."

"सोडा की. तुम्ही चिडलात ना सरदार, की हेल्मेटच्या फटीतून वाफ येते. बघायला बरं वाटतं."

मग ती रोज शो संपला की तबेल्यात यायची. घोड्यांना गाजरं, रामचंद्रला टोमणे. गेल्या महिन्यात तिने सरळच विचारलं, लग्न करता का.

त्याने खरारा थांबवला नाही. "तुम्ही एचआरमध्ये, मी तबेल्यात."

"मग तबेल्याला एचआर नको?"

"तुमचे दादा देशमुख आहेत."

"कसली देशमुखी? शोकेसमध्ये एक तलवार आहे, तिने कांदा चिरत नाही."

"ते काही असो. माणसाने पायरी ओळखून राहावं," म्हणत तो लीद उचलायला गेला, आणि फावडं धरून दहा मिनिटं नुसताच उभा राहिला.

रविवारी दुपारच्या शोला दर्शनाचे थोरले भाऊ, सुदेशदादा, आले. बरोबर बिल्डिंगमधली दोन मराठी कुटुंबं आणि टोरांटोहून आलेलं एक स्थळ, कोट घालून. शो सुरू व्हायच्या आधी दर्शना गाऊन सावरत तबेल्याच्या दाराशी आली.

"शो झाला की इथेच सुपारी फोडतायत. मला आत्ता मेसेज आला, काँग्रॅच्युलेशन्ससकट."

रामचंद्रने खोगिराचा पट्टा ओढला. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणायचं ते ठरलंय. तुमचं बघायचं होतं."

"घोडा तयार आहे," तो म्हणाला. ती गेली.

रिंगणात त्याला फटीतून फक्त सज्जा दिसत होता. नियम असा, की राजकन्येने आपल्या वीराच्या भाल्याला ओढणी बांधायची आणि माइकवर त्याचं नाव घ्यायचं. पांढऱ्या घोड्यावरच्या देवांशने सवयीने भाला पुढे केला. दर्शनाने त्याला बाजूला हो अशी खूण केली, वाकली आणि ओढणी काळ्या भाल्याला बांधली. चांगल्या दोन गाठी मारून. मग माइक घेतला.

"चिलखताला चढतो गंज, देशमुखीला चढतो माज,
रामचंद्ररावांचं नाव घेते, ज्याला वाटेल त्याला वाटो लाज."

मराठी टेबलावर कोणीतरी बाई "अगं बाई" म्हणाली आणि टाळ्याच सुरू झाल्या. बाकीच्यांना वाटलं हे शोमधलंच आहे, तेही वाजवू लागले. टोरांटोवाल्याने तर व्हिडिओ काढायला घेतला. दादा मात्र लालेलाल.

कानातल्या यंत्रातून फहद हिंदीत ओरडत होता, "रामचंद्र, ये क्या है? थर्ड राउंड में गिरना है, समझा? नहीं तो खलास. नौकरी खलास, वीझा खलास."

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला देवांशचा भाला छातीवर कडकन मोडला. पडायला अंग आपोआप डावीकडे झुकलं. दोन वर्षांची सवय. फटीतून त्याला दादांचं टेबल दिसलं. दादा आता हसत होते, पडतोय बघा असं शेजाऱ्याला दाखवत. रामचंद्रने मांड आवळली आणि ताठ बसला.

चौथी फेरी. पाचवी. देवांशला धाप लागली. घोडा जवळ आणून तो कुजबुजला, "अंकल, प्लीज फॉल ना. What do I do?"

"तू पड."

"मी? I don't know how to fall."

खरंच होतं ते. त्याला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. हे पोर पडलं तर हाड मोडून घेणार. रामचंद्रने लगाम खेचला, हेल्मेट काढून वाळूत टाकलं आणि कानातलं यंत्रही. घामाने चिकटलेले पांढरे केस, जाड मिशा.

तो घोडा चालवत थेट दादांच्या टेबलापाशी गेला. "सुदेशराव, मी रामचंद्र. घोडे बघतो. आज इथे कोणी पडणार नाही. सुपारी परत न्या."

"खाली उतर आधी," दादा दातओठ खात म्हणाले. "लायकी बघ स्वतःची."

"दोन वर्षं तेवढंच केलं. आता कंटाळा आला."

मागून फहद धावत आला. "यू आर टर्मिनेटेड."

"लेटर माझ्याच टेबलावर येणार ना?" सज्जातून दर्शना माइकवरच म्हणाली. "मी उद्यापासून महिनाभर रजेवर आहे, हबीबी."

मराठी बायकांना आता कोण आवरणार. "रावांनी पण नाव घ्यावं," एक म्हणाली, आणि सगळ्या टेबलाने तेच धरलं. दर्शनाने माइक वायरला धरून सज्जातून खाली सोडला.

रामचंद्रने तो हातात धरला. घसा खाकरला. यमक काही सुचेना. मॅडम सोडून तिला दुसरी हाक त्याने कधी मारली नव्हती.

"दर्शना," तो म्हणाला.

"पुढे?" दादांच्या शेजारची बाई म्हणाली.

"पुढे काही नाही. एवढंच घ्यायचं होतं."