कुणाचा तरी कोट

रफूवालीच्या नवऱ्याला फोनवर हळू बोलता येत नाही आणि फोन कानाला लावून ऐकताही येत नाही. स्पीकर सुरू करायचा, फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचा आणि पलीकडचा माणूस बहिरा असल्यासारखं ओरडायचं, ही त्याची रीत. त्यामुळे त्या दिवशी लेक जे बोलली ते सगळ्या दुकानाने ऐकलं. दुकान म्हणजे तरी काय, एक खोली. पुढे त्याचं टेबल, मागे खिडकीखाली तिची खुर्ची, भिंतीवर दोऱ्यांची रिळं, आणि वर राहायची जागा.

लेक लांब डोंगरात असायची. तिथे एका फार जुन्या देवळाचे अवशेष आहेत. पडलेले दगड ओळखायचे, जुळवायचे, पुन्हा उभे करायचे, हे तिचं काम. तीन वर्षं ती आणि तिची माणसं देवळाच्या एका दरवाज्यामागे हात धुऊन लागली होती. आता रविवारी त्याच्या माथ्यावरचा दगड चढणार होता आणि सगळ्यांच्या घरची माणसं बघायला येणार होती.

"अगं, माझी कंबर धरलीय!" नवरा ओरडला. "उभं राहून इस्त्री फिरवतोय हेच नशीब. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचं नाव काढायचं नाही."

"मग या वेळी माझं कुणीच नाही," लेक हसून म्हणाली. "चालेल, बाबा. जपा तुम्ही."

"आईला विचारू का?"

"आईला काय विचारायचं? कुणाचा तरी कोट असेल."

मागे खिडकीखाली रफूवालीच्या मांडीवर खरंच कुणाचा तरी कोट होता. तिने सुई पुन्हा हातात घेतली, पण पुढचे दोन टाके कुठे घालायचे होते ते काही केल्या तिला आठवेना.

आता हिची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, पोटच्या पोरीकडे जात नाही! हिच्या हातात कला अशी की सिगारेटने जळलेलं भोक बुजवल्यावर ते कुठे होतं हे गिऱ्हाईकालाही सापडायचं नाही. भिंगातून बघा, उजेडात धरा, सापडलं तर शपथ. आणि त्याच हाताने तिने लेकीपासून एक गोष्ट आयुष्यभर बुजवून ठेवली होती. तिला गाडी लागायची.

हसू नका. गाडी तर निम्म्या जगाला लागते, पण हिला लागायची म्हणजे दोन दिवस अंथरुणातून उठता यायचं नाही. लग्न होऊन सासरी येताना बसमध्ये ती पहिल्या वळणावर चुलतसासऱ्यांच्या अंगावर ओकली, दुसऱ्या वळणावर सासऱ्यांच्या कोऱ्या बुटांत ओकली आणि तिसऱ्या वळणावर शुद्ध हरपून पडली. सासूने पुढे कित्येक वर्षं हा किस्सा आल्यागेल्याला चहाबरोबर वाढला. बुटांपाशी आलं की सगळे पोट धरून हसायचे आणि ही स्वयंपाकघरात उभी राहून ओठ चावायची. तेव्हाच तिने मनाशी पक्कं केलं, की यापुढे हे कुणाला दिसू द्यायचं नाही. मग तिचं जग पायी जाता येईल तेवढंच उरलं.

लेकीला शाळेत जिल्ह्याचं बक्षीस मिळालं, तेव्हा नवरा गेला. "आईला काम आहे." पदवी मिळाली, नवरा गेला. "आईला एक कोट द्यायचाय." कॉलेजात असताना पोरीला कावीळ झाली, वसतिगृहात ती पिवळीधमक होऊन पडली होती, तेव्हा मात्र हिला राहवलं नाही. ही बसमध्ये चढली. तिसऱ्या थांब्यावर लोकांनी उचलून खाली उतरवली आणि एका भाजीवाल्याने हातगाडीवर घालून घरी आणली. शुद्धीवर आल्या आल्या ती नवऱ्याला म्हणाली, "पोरीला सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल." पोरीला सांगितलं, मोठी ऑर्डर आली होती. पोरगी "बरं" म्हणाली. पण त्यानंतर तिने आईला कधी बोलावलंही नाही.

"मी जाते," रफूवाली म्हणाली.

"कुठे?" नवऱ्याने इस्त्री उभी केली.

"दगड बघायला."

"अगं, वेड लागलंय का तुला? बस, मग रेल्वे, मग परत बस. आणि ती शेवटची बस म्हणजे नुसती वळणं! मी धडधाकट माणूस, माझं डोकं गरगरतं."

"गरगरू दे."

"मग मी येतो बरोबर. कंबर गेली खड्ड्यात."

"तुम्ही आलात की माझ्यावर दया करणार, दया केलीत की मी उतरणार. गेली सगळी वर्षं दयेनेच तर घरी बसवलंय मला. तुम्ही दुकान बघा."

नवऱ्याने हात टेकले.

बातमी कळताच नणंद धावत आली. "वहिनी, पोटावर वर्तमानपत्र बांधा, हमखास उपाय आहे. माझ्या दिराला फरक पडला."

"कुठलं वर्तमानपत्र?"

"कुठलंही. वाचायचं थोडंच आहे!"

पुतण्याची सॅक आणली. तिला इतके पट्टे होते की कुठला खांद्यावर आणि कुठला कमरेला हे कळायलाच अर्धी संध्याकाळ गेली. आत लिंबं, आल्याचे तुकडे, टॉवेल, गोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची चळत. तळाशी मात्र कपड्यांचा निळा जोड, नवऱ्याने कडक इस्त्री करून दिलेला. तिने बेत असा केला होता, की तिथे पोचायचं, आडोशाला तोंड धुवायचं, कपडे बदलायचे आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात लेकीसमोर उभं राहायचं. बघ, आले की नाही! म्हणजे निघाली खरी, पण खोड गेली नव्हती.

पहिल्या बसने गावाबाहेरचं वळण घेतलं आणि वर्तमानपत्राचा काही उपयोग नाही हे सिद्ध झालं. ती उतरली, पुलाच्या कठड्यावर बसली, लिंबू हुंगलं आणि पुढची बस आली तशी चढली. त्या बसमधूनही उतरली. तिसऱ्या बसचा कंडक्टर म्हणाला, "मावशी, बरं नाही का? दवाखान्यात सोडू?"

"स्टेशनवर सोड. मरायला टेकले तर तुला सांगेन."

त्याने तिला पुढची सीट रिकामी करून दिली आणि स्वतः मात्र पार मागे जाऊन बसला. शहाणा माणूस होता.

रेल्वे त्या मानाने सोज्वळ, सरळ चालणारी. पण हिने भीतीपोटी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या आणि अशी घोरली की उतरायचं स्टेशन मागे पडलं. जाग आली तेव्हा समोरची बाई म्हणाली, "तुम्हाला किती हलवलं हो! तुम्ही झोपेत म्हणालात, बाही उद्या मिळेल." मग उलटी गाडी पकडून मागे येणं आलं. स्टेशनच्या बाकावर सॅक उशाशी घेऊन ती पडली, तेव्हा एकदा तिच्या मनात आलं, की आता घरी गेले तर कोण काय म्हणणार आहे? पोरगी तर वाटच बघत नाहीये. आणि ह्याच विचाराने ती ताडकन उठून बसली. वाट बघत नाहीये, हेच तर दुखणं होतं.

डोंगराच्या बसबद्दल नवरा खोटं बोलला नव्हता. एकेक वळण असं की पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे आणि आपलं पोट तिसरीकडेच. पिशव्या संपल्या, टॉवेल संपला. ड्रायव्हरने तिच्यासाठी गाडी थांबवली, पुन्हा थांबवली, तेव्हा मागून कुणीतरी "आता आम्ही पोचणार कधी?" म्हणून कुरकुरलं. ती रस्त्याकडेला दगडावर बसली होती. हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी, कपड्यांची तर दशा विचारू नका.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याला खरंच कणव आली होती. "मावशी, समोरून खाली जाणारी गाडी येतेय. बसवून देऊ का? उगाच जिवाशी खेळ कशाला?"

तिने वर बघितलं, खाली बघितलं. "खाली जाताना वळणं सरळ होतात का रे?"

"नाही, तीच की."

"मग वरच जाते," ती म्हणाली आणि दांडीला धरून परत चढली.

बस थांबली तिथे एक पाण्याचा नळ होता आणि नळाच्या पलीकडे पायऱ्या चढून गेल्यावर ते देऊळ. म्हणजे जे उरलं होतं ते. छत नव्हतंच. अर्धे खांब उभे, अर्धे गवतात आडवे, आणि मधोमध तो दरवाजा, लाकडी परांचीने वेढलेला. माथ्याचा भलामोठा दगड साखळ्यांत बांधून खाली तयार होता. खुर्च्यांवर लोक बसत होते. वेळेत पोचली होती म्हणायची.

ती नळाशी गेली. एक म्हातारा पाथरवट छिन्न्या धूत होता. त्याने हिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता नळ सोडून बाजूला झाला. तिने तोंड धुतलं, चूळ भरली, सॅक उघडली. निळा जोड हातात घेतला. कुठे आडोसा मिळतोय का म्हणून बघताना तिची नजर खांबांवर गेली आणि तिच्यातली कारागीर एकदम जागी झाली.

"अहो, हे काय केलंय? सगळ्या खांबावर वेलबुट्टी आणि मध्येच हा सपाट, फिकट तुकडा! ठिगळ दिसतंय की ढळढळीत. जरा नक्षी कोरायची, रंग मिळवायचा."

पाथरवट हसला. "येतं की मला. एक दगड कोरला होता मी, अगदी हुबेहूब. आमच्या बाईंनी काढायला लावला."

"कोण बाई?"

"त्या काय, परांचीवर उभ्या आहेत." त्याने छिन्नीने दाखवलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात दगड सरळ बसलाय का बघायचा ओळंबा. तिचीच लेक. "सक्त ताकीद आहे त्यांची. जुनं कुठलं आणि आपण भरलेलं कुठलं, हे येणाऱ्याला दिसलं पाहिजे. मी म्हटलं, बाई, बरं दिसत नाही ते. तर म्हणाल्या, मोडलं होतं तर मोडलं होतं म्हणावं. लपवून ठेवलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही."

रफूवाली निळा जोड हातात धरून उभी राहिली. पाथरवट दगडांबद्दल बोलत होता, पण तिला वसतिगृहातली ती पिवळीधमक पोरगी दिसत होती, उशाशी आई नसलेली, मोठी ऑर्डर आली हे खरं मानलेली. आपली लाज झाकायला आपण पोरीला उघड्यावर टाकलं, हे तिला लख्ख कळलं. तिने जोड सॅकमध्ये कोंबला आणि पट्टे तसेच लोंबकळत ठेवून, होती त्या अवतारात ती पायऱ्या चढली.

खुर्च्यांमधली माणसं वळून बघू लागली, काहींनी नाकाला रुमाल लावले. परांचीच्या खाली जाऊन तिने हाक मारली.

लेकीने खाली बघितलं. मग शिडीवरून इतक्या घाईने उतरली की मधल्या दोन पायऱ्या हुकल्याच. "आई? तू? कशी आलीस?"

"ओकत आले," रफूवाली म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "घरापासून इथपर्यंत ओकत आले. मला गाडी लागते. पहिल्यापासून. कोट कधीच नव्हता कुणाचा. तुला कावीळ झाली तेव्हा निघाले होते मी, तिसऱ्या थांब्यावर पडले. हातगाडीवरून घरी आणलं मला. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

लेक गळ्यात पडेल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही पडली. तिचा चेहरा रागाने लाल झाला. "एवढंच? एवढंच होतं? आणि मी इतकी वर्षं समजत होते की मी तुला नकोय! एक वाक्य, आई! एक वाक्य बोलता आलं नाही तुला?"

"नाही आलं."

"बाबांना माहीत होतं?"

"मी शपथ घातली होती. राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको. काढ, मी ऐकायलाच आलेय."

लेक तोंड उघडणार, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, साखळी ताणलीय, बाई, वर या. तिने बाहीने डोळे पुसले, पुढच्या रांगेतली खुर्ची ओढली, आईला खांद्याला धरून तिच्यावर दाबून बसवलं. "इथून हलू नकोस," ती म्हणाली आणि वर गेली. दगड चढला, बसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रफूवालीने वाजवल्या नाहीत. तिचे दोन्ही हात तोंडावर होते आणि त्यामागे ती हमसून हमसून रडत होती.

दोन दिवस ती लेकीच्या खोलीत अंथरुणावर पडून राहिली. लेक कामावरून येऊन पाणी द्यायची, चादर बदलायची, फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "हातगाडीवर? खरंच?" "कोबीच्या गड्ड्यांबरोबर," रफूवाली म्हणाली. लेकीने पटकन पाठ फिरवली, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते रफूवालीने विचारलं नाही.

निघायच्या दिवशी लेक तिला बसवायला आली आणि न सांगताच स्वतःही शेजारी बसली. "तुझं काम?" रफूवालीने विचारलं. "सुट्टी टाकलीय. रेल्वेपर्यंत येतेय," लेक म्हणाली.

बस सुटली. पहिल्याच वळणावर रफूवालीचं पोट ढवळलं. जन्माची सवय, तिने घाईने तोंड खिडकीकडे वळवलं, हाताने चेहरा झाकला.

"आई, इकडे बघ," लेक म्हणाली.

"नको गं, घाण आहे."

"असू दे." लेकीने तिचा हात चेहऱ्यावरून काढला, एका हाताने तिचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने पिशवी पुढे केली.

रफूवाली लेकीच्या हातावर कपाळ टेकून, तिच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा, पोटभर ओकली. मग मान वर करून धापा टाकत म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत येते."