रबातला गेलेलं लोणी

"घर माणसाचं, मडकं माणसाचं, लोणी माणसाच्या आईच्या हातचं. आणि खायचं कसं? तर चोरासारखं! वा रे दिवस!"

कोठीच्या दाराआड हाज बूश्ता स्वतःशीच पुटपुटत होते. दाराच्या अलीकडे, त्यांच्या कानापासून फार तर वीतभरावर, त्यांची बायको झहूर हातात कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या जाड रव्याची, परात घेऊन उभी होती. तिने श्वाससुद्धा बेतानेच घेतला. आतून चमचा मडक्याला खणकन लागला आणि पाठोपाठ तो वास आला. भिजलेल्या मेंढीने जुने मोजे घालून आठवडाभर हिंडावं, तसला.

सकाळपासूनचा हा दुसरा चमचा. संध्याकाळचा अजून व्हायचा होता.

स्मेन म्हणतात त्या लोण्याला. मीठ घालून मळायचं, मडक्यात ठासायचं आणि तोंड बंद करून वर्षानुवर्षं विसरून जायचं. इथे फेझ शहरातल्या जुन्या घरांत ते जितकं म्हातारं, तितकं मानाचं. कुणाला खोकला झाला, कुणाचा सांधा धरला, की चमच्याच्या टोकावर औषध म्हणूनही तेच. हे मडकं हाजच्या आईने नातीच्या, इतिमादच्या, जन्माच्या आठवड्यात भरलं होतं, तिच्या लग्नात उघडायचं म्हणून. नात एकोणतीस वर्षांची झाली तरी लग्नाचं नाव काढेना. भरणारी म्हातारी केव्हाच गेली. शेवटी पाच वर्षांपूर्वी हाजनेच झाकण काढलं. "जरा हवा तरी लागू दे बिचाऱ्याला," म्हणाले.

तेव्हापासून दर शुक्रवारी कुसकुसवर नखाएवढं स्मेन पडायचं. त्यावर झहूरची तक्रार नव्हती. पण यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी हाजची डावी पोटरी पावासारखी टम्म फुगली. रक्ताची गुठळी. दवाखान्यातून घरी आल्यापासून तो शब्द घरात कुणी काढला नव्हता. 'पायाची ती भानगड' म्हणायचे सगळे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जुनं लोणी बंद करा म्हणून बजावलं. हाजने गोळ्या घेतल्या आणि लोणी आठवड्याला एकदाचं दिवसाला तीनदा केलं.

झहूरने ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, मडकं पिठाच्या पोत्यामागे लपवून पाहिलं. पण त्या वासाचं मडकं लपवणं म्हणजे मशिदीचा मिनार रुमालाखाली झाकण्यासारखं. शेवटी तिने लेकीला फोन केला.

इतिमाद राजधानीत, रबातच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. निरनिराळे जुने, तळलेले, विटलेले स्निग्ध पदार्थ घेऊन त्यांचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो ते बघायचं, हेच तिचं काम. "बा माझं ऐकणार नाहीत. पण त्यांच्या लोण्याचा निकाल कागदावर आला, तर कदाचित ऐकतील," ती म्हणाली, आणि तिने नमुना मागितला.

इथेच सगळं फिस्कटलं. हाजला वाटलं, लोण्याला रबातहून बोलावणं आलं. त्यांनी मधाची छोटी बरणी धुऊन घेतली, तीत स्मेन भरलं, झहूरच्या लग्नातल्या भरतकामाच्या रुमालात बांधलं आणि दुखऱ्या पायाने स्वतः स्टेशनावर जाऊन रबातला निघालेल्या एका ओळखीच्याच्या हाती गाडीत दिलं. डब्यातले लोक एकेक करून दुसऱ्या डब्यात गेले, ते हाजच्या मते आदराने. न्हाव्याला, पाववाल्याला, मशिदीतल्या पहिल्या रांगेला, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं: "सरकारी तपासणी आहे. शिक्क्याचा कागद येणार."

आज शुक्रवार. कागद घेऊन इतिमाद आली होती. हाजची थोरली बहीण लल्ला अवीश, इतिमादची अम्ती म्हणजे आत्या, तीही खास निकाल ऐकायला आली होती. परातीभोवती चौघं बसली. झहूरने ताक वाढलं. आज जर यांनी ऐकलं नाही, तर पुढे कुणाचं ऐकतील?

"हं, वाच," हाज म्हणाले.

"बा, आधी नीट समजून घ्या. रक्तवाहिनीच्या आतून एक अस्तर असतं. अगदी पातळ."

"गिलावा." हाजची सगळी हयात भिंतींना गिलावा करण्यात गेली होती.

"हो, पण जिवंत गिलावा. रक्त कुठे थिजलं, तर ते विरघळवणारा रस हाच गिलावा सोडतो. आणि त्या रसाला अडवणारा दुसराही हाच सोडतो. दोन्हींचा तोल असतो. आता लोण्यातल्या कोलेस्टेरॉलला वर्षानुवर्षं हवा लागली, की लोखंडाला गंज चढावा तसं ते बदलतं. ते या गिलाव्याला लागलं, की तो चिकट होतो, रुसतो. विरघळवणारा रस कमी करतो, अडवणारा वाढवतो."

लल्ला अवीशने घास तसाच ठेवला. "मला नाही समजलं. माणसांच्या भाषेत सांग."

"अम्ती, आपल्या गल्लीत दोन लादलेली खेचरं समोरासमोर अडकली, तर काय होतं?"

"मोहल्ल्याचा कारभार बघणारा मुकद्दम माणूस पाठवतो. तो एकाला शेपटीला धरून मागे ओढतो."

"आणि मुकद्दमाने तो माणूसच खोलीत कोंडून ठेवला तर?"

"गेल्या महिन्यात तेच झालं की!" हाज उसळून म्हणाले. "दुपारपर्यंत गल्ली बंद. आणि आपल्या मुकद्दमाने जन्मात कधी स्मेनला बोट लावलेलं नाही, एवढा चिक्कू आहे तो. मग?"

इतिमादने कपाळाला हात लावला. झहूरने तिला टेबलाखालून पायाने ढोसलं: पुढे चल.

"तर मी त्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना तुमचं लोणी दिलं."

"कुणाच्या पेशी?"

"बाळंतपणानंतर जी नाळ टाकून देतात ना, तिच्यातल्या."

"तान्ह्या बाळांना स्मेन दिलंस?" लल्ला अवीश किंचाळली. "अगं, दात तरी येऊ द्यायचे!"

"बाळं त्यांच्या घरी आहेत, अम्ती! फक्त नाळ."

"आणि त्यांच्या आयांना विचारलंस?"

"विचारलं. सही घेतली."

"काय दिवस आलेत! आमच्या वेळी नाळेला कुणी सही मागत नव्हतं."

"अवीश, गप्प बस," हाज म्हणाले. "किती दिलंस?"

"टाचणीच्या डोक्याएवढं. पहिल्या दिवशी पेशी आक्रसल्या. दुसऱ्या दिवशी बशी सोडून तरंगायला लागल्या. विरघळवणारा रस जवळजवळ बंद. शेजारच्या बशीत ताजं लोणी होतं, तिथे एवढं काहीच नाही. वडे तळून काळं झालेलं तेल होतं, अंड्याची जुनी भुकटी होती... पण बा, इतक्या झपाट्याने आमच्याकडे आजवर कुठल्याच नमुन्याने..."

ती थांबली. हाज पुढे झुकले होते. त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हणजे पहिला नंबर?"



"हो, बा," इतिमाद हताशपणे म्हणाली. "पहिला."

"ऐकलंस, अवीश? अख्ख्या रबातमध्ये पहिला! शिक्का कुठाय?"

झहूरला हसू आलं आणि त्याच क्षणी त्या माणसाला परातीत बुचकळून काढावंसंही वाटलं. चाळीस वर्षं तिने या गृहस्थाबरोबर काढली होती. दोन्ही एकदम वाटायची तिला सवय होती.

"बा, हसण्यावारी नेऊ नका. बशी म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं..."

"तेच म्हणतो मी! तुझी बशी चालते? नमाज पढते? गोळ्या घेते? आमची आई असलंच लोणी खाऊन चौऱ्याण्णव वर्षांची झाली."

"त्र्याण्णव," लल्ला अवीश म्हणाली.

"चौऱ्याण्णव!"

"पण तुमच्यासारख्याला, ज्याला आधीच एकदा ती..." इतिमादचा शब्द ओठांवर आला आणि तिने तो ताकाबरोबर गिळला. "ती पायाची भानगड झालीय."

सगळे कुसकुसकडे बघायला लागले. कुसकुसमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. सात भाज्या होत्या, दर शुक्रवारच्याच.

झहूर उठली. कोठीत गेली, मडकं कडेवर लेकरासारखं घेऊन आली आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. चार चमचे काढले.

"आजपासून सगळ्यांनीच घ्यायचं," ती म्हणाली. "औषध आहे, पहिल्या नंबराचं आहे. एकट्या माणसाने का खावं? दिवसाला तीनदा. घ्या, लल्ला."

लल्ला अवीश मागे सरकली. "मला... माझी दाढ दुखतेय."

"लोण्याला दाढ लागत नाही."

"तरी दुखतेय!"

झहूरने स्वतःच चमचा खुपसला. चमचाभर, पिवळंजर्द, आंबूस, डोळ्यांत पाणी आणणारं. नाक दाबलं आणि गिळलं. तिच्या अंगावर काटा आला, कान गरम झाले. तिने दुसरा चमचा भरला.

"झहूर, पुरे," हाज म्हणाले.

"का? दोनच तर झाले."

"एवढं घ्यायचं नसतं."

"तुम्ही घेता तेवढंच आहे. मोजून घेतलंय, रोज दाराबाहेर उभी असते मी." चमचा तोंडाशी आला.

हाजने तिचं मनगट पकडलं. गिलावा थापून थापून दगड झालेली ती बोटं, चमचा हलेना.

"नको, म्हटलं ना! ऐकलं नाहीस, पोरगी काय म्हणाली? तुझ्या आतला तो... त्याचं काय होईल?"

लल्ला अवीशची दाढही दुखायची थांबली.

"म्हणजे तुम्हाला पटलंय," झहूर हळूच म्हणाली.

हाजने तिचं मनगट सोडलं नाही.

"पटलंय, तर मग स्वतः का खाता? आणि तेही तीनदा? अहो, मी आपली रोज विचार करते, हा माणूस एवढा हट्टी कधी झाला?"

हाजने चमचा तिच्या हातातून काढून घेतला. खाली ठेवायचा की तोंडात घालायचा, हे न कळून धरून राहिले. लोणी परातीत भोपळ्यावर टपकत होतं.

"पायात गुठळी झाली माझ्या," ते म्हणाले. "काहीही दुखलं, की आई याचाच चमचा द्यायची. मला अजून मरायचं नाहीये गं."