जुन्या फिल्टरची रिंग

डब्यावर उपडा ठेवलेला गाडीचा जुना ऑइल फिल्टर एव्हाना निथळला असेल, म्हणून सुनेनं तो उचलला. फिल्टरच्या तोंडाशी गोल खाच होती. खाचेत रबराची रिंग असायला हवी होती. ती नव्हती.

गाडी तर गेली होती. नवरा सकाळीच सासऱ्यांना घेऊन डोंगरापलीकडच्या शहरात निघाला होता. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि ते करणारा डॉक्टर तिथे महिन्यातून एकदाच येई. आजची वेळ चुकली की पुन्हा महिनाभर भिंती चाचपडत चालायचं.

रिंग गेली कुठे? जुना फिल्टर काढताना ती इंजिनालाच चिकटून राहिली असेल, तर नवा फिल्टर तिच्यावर बसला असणार. रबरावर रबर. अशी जोडी थोडा वेळ टिकते, मग ऑइलच्या दाबानं एक रिंग बाहेर सरकते आणि ऑइल भळाभळा रस्त्यावर. त्यानंतर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

काल फिल्टर बदलताना तिनं किती चोख काम केलं होतं! नवरा म्हणाला होता, "गॅरेजला टाक आणि मोकळी हो." पण मागच्या खेपेला गॅरेजवाल्यानं कुठला तरी हलका फिल्टर बसवला होता, तो तिच्या डोक्यात बसला होता. दुकानात तिनं तीन फिल्टर हातात घेऊन पाहिले. आतला कागद किती दाट घड्यांचा आहे, गाडी उभी असताना ऑइल परत खाली उतरू न देणारी रबरी झडप मऊ आहे की कडक, सगळं बोटानं दाबून पाहिलं. दुकानदार वैतागला. "ताई, फिल्टर घेताय की स्थळ बघताय?"

रात्री जेवताना तिनं त्या झडपेवर व्याख्यानच दिलं. नवरा म्हणाला, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." सासरे हसले. "त्याचा बैल राहू दे. माझा उद्या दवाखान्यात पोचला म्हणजे झालं."

फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला होता. नजर पोचत नव्हती, म्हणून तिनं बोट फिरवून पाहिलं होतं. बोटाला गुळगुळीत लागलं. तिला वाटलं, धातूच. पण रबरही गुळगुळीतच लागतं. नंतर इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, खाली कागद पसरला. कागद कोरडा राहिला. ती निर्धास्त झाली.

आता ती अंगणात रिंग शोधू लागली. रिंग सापडली तर प्रश्नच मिटला. तिनं चिंध्या झटकल्या, ऑइलच्या डब्यात हात घालून ढवळलं, केराची बादली पालथी केली, कुंड्यांमागे पाहिलं. मग पुन्हा चिंध्या झटकल्या. तेव्हा मात्र तिच्या ध्यानात आलं, की आपण रिंग शोधत नाही आहोत, फोन टाळतो आहोत. आणि तिकडे गाडी चढ चढते आहे.

तिनं काळ्या हातानंच नवऱ्याला फोन लावला. सासऱ्यांनी चाचपडत उचलला.

"बोला सूनबाई. अजून पोचायचोय."

"बाबा, त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगा. आत्ता."

"काय झालं?" नवऱ्याचा आवाज आला.

"जुनी रिंग बहुतेक इंजिनालाच राहिलीय. ऑइल गळेल."

"बहुतेक म्हणजे? नक्की की नाही?"

"नक्की नाही."

"मग थांबू कशाला? ऑइलचा दिवाबिवा काही लागला नाहीये. बाबांना उशीर होईल."

"दिवा लागेपर्यंत थांबलास तर उशीर झालेला असेल. बंद कर रे. चुकले असेन तर जन्मभर टोमणे मार."

इंजिनाची घरघर थांबली. दार उघडलं. खडीवर पावलं वाजली, मग काहीच नाही. ती उकिडवी बसून ऐकत राहिली. देवा, कोरडं असू दे, माझी फजिती होऊ दे.

"खाली सगळं ओलं आहे," नवरा म्हणाला. "थेंब नाही, धार लागलीय."

ती उठून उभी राहिली.

"तुला कळलं कधी?"

"आत्ताच" म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"मघाशी," ती म्हणाली. "आधी रिंग शोधत बसले."

"शोधत बसलीस?"

"हो."

"आम्ही दरीच्या कडेनं चाललो होतो, आणि तू शोधत बसलीस."

तेवढ्यात कुठली तरी गाडी थांबल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी फोन तोंडाशी धरला. "एक भला माणूस पुढे नेतोय मला. वेळेत पोचलो तर ठीक, नाही तर पुढच्या महिन्यात. तू ऑइल घेऊन निघ. आणि याच्याशी भांडायचं ते मी नसताना उरकून घ्या दोघांनी."

फोन नवऱ्याच्या हाती गेला आणि त्यांच्या ओढत्या पावलांचा आवाज लांब होत गेला. कोणी तरी "सांभाळून, दार इकडे आहे," म्हणालं.

शेजाऱ्यांच्या गाडीची किल्ली मागायला जाताना तिनं ऑइलचा नवा कॅन उचलला, फिल्टर सोडवायचा पाना आणि उजेडाला बॅटरी पिशवीत टाकली. फोन अजून चालूच होता. तिकडून नुसता वारा ऐकू येत होता.

"निघतेय मी," ती म्हणाली.

नवऱ्यानं फोन ठेवला नाही.