मेंढरांचं मीठ

मी एक जुना पितळी तांब्या आहे, पोटाला पोचा पडलेला. पण मित्रांनो, हसू नका! सिद्धू धनगराची शीळ परत आणण्यात माझा हात आहे.

पुण्याच्या कारागिराने मला घडवले आणि कोंडाबाईच्या लग्नात आंदण म्हणून मी कासार आंबोलीच्या वरच्या धनगरवस्तीत आलो. तिच्या नवऱ्याने, सिद्धूने, शीळ घातली की डोंगरभर पांगलेली साठ मेंढरं पळत खाली यायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती ढिम्म हलत नसत.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली सिद्धूच्या जबड्याच्या हाडात पाण्याची गाठ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून ती काढली आणि बजावले, "हाडात पोकळी राहिली आहे. रोज चार वेळा मिठाच्या पाण्याने चूळ भरा. स्वच्छ राहिली तरच भरून येईल."

घरी येऊन सिद्धूने शीळ घालून पाहिली. नुसती हवा निघाली. एक मेंढरू वळले नाही. बिचारा मान खाली घालून बसला.

कोंडाबाई रोज माझ्यात कोमट पाणी ओतून मेंढरांना चाटायला ठेवलेल्या मिठाचे मडके शेजारी ठेवू लागली. आजवर पाहुण्यांचे पाय धुणारा मी, आता औषधाचा तांब्या झालो! पण पंधरा दिवसांनीही सूज उतरेना, तोंडाला वास येऊ लागला. कारण मला ठाऊक होते. तांब्याला तोंड असते, पण बोलता कुठे येते?

एका सकाळी कोंडाबाई अंगणाच्या कडेला थबकली. सिद्धू तिथेच चूळ टाकायचा. खारट पाणी सांडले की मेंढरं जमीन चाटून काढतात. तिथे एकही फिरकले नव्हते.

"अवं, खरं सांगा. मीठ टाकताय का न्हाई?"

सिद्धू ओशाळला. "मेंढरांचं मीठ हाय ते. त्यास्नी पुरायला नगं?"

"लई शाणे! शीळच न्हाई आली तर मेंढरं वळवायची कुनी? माझं ऐकत्यात व्हय ती?"

तिने स्वतः माझ्यात मीठ टाकले आणि समोर बसून राहिली. त्याने चूळ टाकली मात्र, मेंढरांची झुंबड उडाली! त्यात एका एडक्याने मला धडक दिली. हा पोचा त्याचाच.

दोन महिन्यांनी सिद्धू कातळावर उभा राहिला. पहिली शीळ फुसकी गेली. दुसरी पलीकडच्या डोंगराला लागली, आणि साठच्या साठ मेंढरं धुरळा उडवत खाली आली. कोंडाबाईने रडत रडत मला छातीशी धरले. अभिमानाने माझे पोट फुटायचेच काय ते बाकी होते!

मित्रांनो, औषधात काटकसर करू नका. आणि मला चिंचेने खुशाल घासा, पण हा पोचा काढायला कुणाकडे नेऊ नका.