आधीचं माप

वीज कमी जाळणाऱ्याला बक्षीस मिळतं की जास्त जाळणाऱ्याला, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. माझ्या मुलाने, विनोदने सांगितलं, कंपनीच्या बाईंनी सांगितलं, शेजारच्या मालूने तर मला न विचारता सांगितलं. प्रत्येकाचं ऐकताना मान हलवली आणि ऐकून झाल्यावर आधी होते त्याहून जास्त गोंधळले.

बेळगावच्या वडगावात आमचे चार यंत्रमाग. मालक, म्हणजे विनोदचे वडील, जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून मीच चालवते. विनोद मच्छे गावच्या कारखान्यात कामाला. तो दोन वर्षं माझ्या मागे लागला होता की माग भंगारात घालूया. लाईट बिल, सुताचा भाव, माझे गुडघे, रोज एक नवं कारण. मीही काही कमी नाही. "आधी मला घाल भंगारात, मग मागांचं बघू," असं एकदा जेवताना म्हणाले, तेव्हा तो ताटावरून उठून गेला होता.

मग ती योजना आली. वीज कंपनी छोट्या कारखानदारांना जुन्या मोटरा काढून नव्या बसवून देणार. नव्या मोटरा वीज कमी खातात. खर्चाचा अर्धा भार कंपनी उचलणार, पण वीज पाव हिश्शाने कमी झाली तरच. विनोदने अर्ज भरला आणि मला बजावलं, "ह्यात बसलो तर माग ऱ्हातील. मी परत नाव काढणार न्हाय. न्हाय बसलो, तर भरमूला बोलावतो." भरमू म्हणजे आमच्या भागातला भंगारवाला. माझं सगळं आयुष्य त्याच्या तराजूत जायचं की नाही, ते आता कंपनी ठरवणार होती.

कंपनीकडून रक्षा नावाची बाई आली. पोरगीच म्हणायची, पण गळ्यात ओळखपत्र, म्हणून मी मॅडम म्हटलं. तिने मीटरशेजारी एक निळा डबा बसवला आणि कानडीतला कागद वाचून मला मराठीत सांगितलं.

"हे बघा बायाक्का, पंधरा दिवस जुन्या मोटरांवर मोजायचं. मग पंधरा दिवस नव्यांवर. दोन्हींतला फरक बघायचा. तुम्ही काहीच करायचं न्हाई. नेहमीसारखं चालवायचं."

नेहमीसारखं! पोरीला बघायला पाहुणे आले तर ती नेहमीसारखी बसते का? ती पदर सावरते, आवाज खाली घेते, पोहे कमी खाते. आमच्याकडे साधा मीटरवाला आला तरी मी आधी दिवा मालवते, मग दार उघडते. इथे तर डबा चोवीस तास बघत बसलेला. त्याच्यासमोर उधळेपणा कसा दाखवायचा?

भिंतीपलीकडून मालू आली. मालुबाई आणि मी, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, माग तिने कधीच विकले. घरात बसून ती माझ्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि वर सल्ले द्यायची. दोन्ही फुकट.

"सरकारी मानसाम्होरं उधळी दिसू नगंस," ती म्हणाली. "दोनच माग लाव. बत्ती कशाला पायजे? दारात उजेड हाय की."

मला पटलं. पंधरा दिवस मी दोनच माग चालवले. पंखा बंद. दुपारी घामाने पोलकं अंगाला चिकटायचं, पण डब्यावरचा आकडा कसा मुंगीच्या पावलाने सरकायचा! मला वाटलं, रक्षामॅडम बघून म्हणतील, असं घर अख्ख्या बेळगावात नाही. विनोद पहाटे जायचा, संध्याकाळी यायचा, त्या पंधरवड्यात सुट्टीही मिळाली नाही, त्यामुळे त्याला यातलं काही कळलं नाही. आणि मी त्याला सांगितलंही नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. घर झाडल्याचं कुणी सांगतं का?

सोळाव्या दिवशी टेम्पो आला. जुन्या चारही मोटरा काढून नेल्या. त्या परत कुठे लावल्या जाऊ नयेत म्हणून फोडून वितळवतात म्हणे. नव्या मोटरा बसल्या. लहानशा, हिरव्या, आणि चालू आहेत की बंद ते हात लावून बघावं लागेल इतक्या शांत. मी खूष झाले. आता कमी खाणाऱ्या मोटरा आल्या, मग कशाला जीव मारायचा? चारही माग लावले, बत्त्या लावल्या, पंखाही लावला. शहापूरच्या व्यापाऱ्याची लग्नाच्या साड्यांची मागणी होती, तीही सुरू केली.

सहाव्या दिवशी विनोदला सुट्टी होती. तो डब्यासमोर उभा राहिला, मग मोबाईलमध्ये लिहून ठेवलेला जुना आकडा त्याने दोनदा बघितला.

"आई, आदी तू किती माग चालवलंतीस?"

"दोन."

"दोन का?"

"वीज कमी जाळायची हुती न्हवं?"

त्याने कपाळाला हात लावला. "आदी न्हाय गं कमी जाळायची! नंतर कमी!"

"मग आदी जास्त जाळायची हुती व्हय?"

"जास्त बी न्हाय! जशी जाळतीस तशी!"

"आरं, पर कमी जाळली तर चांगलंच की."

"चांगलंच गं, पर आदी चांगलं केलंस तर नंतर चांगलं दिसत न्हाय!"

हे वाक्य मी तीन वेळा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा ते तसंच निघालं. शेवटी मालू दारातून म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? दारुड्यानं दारू सोडली तर गावभर कौतुक. जो कदी प्यालाच न्हाय, त्याला कोन हार घालतंय?"

विनोद म्हणाला, "बग, मालूकाकीस्नी कळलं." मालू मग दिवसभर अशी तोऱ्यात वावरली, जणू योजना तिनेच काढली होती. विनोद मात्र संध्याकाळी जेवला नाही. पाव हिस्सा कमी व्हायचं राहिलं बाजूला, आकडा चढतच होता. भरमूचं नाव त्याने काढलं नाही, पण मला ते त्याच्या तोंडावर वाचता येत होतं. मी मात्र त्या रात्री शांत झोपले. उद्या मालूला विचारून काहीतरी युक्ती काढू, असं मनाशी धरून.

सकाळी मालू दारात बसून वेणी घालत होती. वेणी अर्धी झाली आणि ती भिंतीला टेकली. मी तिला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा शिवी घालून मारली, कारण ती माझी चेष्टा करते आहे असं मला वाटलं.

आमच्या गल्लीत रीत आहे. कुणी गेलं की सगळे माग बंद. तिसऱ्या दिवशी राख सावडून आले की गल्ली परत सुरू होते. पण ज्याची भिंत मयताच्या भिंतीला लागून आहे, त्याने दहाव्यापर्यंत माग लावायचे नाहीत, कारण माग चालला की भिंत हादरते. व्यापाऱ्याला निरोप धाडला. तोही शहापूरचा, त्याला रीत ठाऊक. त्याने साड्यांचं नावही काढलं नाही.

नऊ दिवस मी मागांच्या खोलीतच बसून राहिले. पलीकडे मालूचं घर, मधे ती एक भिंत. भिंतीजवळ बसलं की बरं वाटायचं, आणि मग लगेच जास्त वाईट वाटायचं. भिंतीकडे तोंड करून रडावं तर गुदमरायला होई, म्हणून भिंतीला पाठ लावून बसायचे. समोर चार माग. विनोद कामावरून यायचा, दारात उभा राहायचा, "च्या केलाय," म्हणायचा आणि मी उठत नाही असं बघून कप तिथेच ठेवून जायचा.

दहावा झाला त्याच दिवशी दुपारी रक्षामॅडम डबा काढायला आल्या. मी त्यांना विसरूनच गेले होते. त्यांनी आकडा बघितला, कागदावर गणित केलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बायाक्का, पाव कुठलं, जवळजवळ निम्म्यानं कमी आलंय! वडगावात एवढं कुणाचंच न्हाई!"

मला काही कळेना. आकडा तर चढत होता. मग डोक्यात उजेड पडला. मोटरांनी काही केलं नव्हतं. माग नऊ दिवस बंद ठेवून हे मालूने केलं होतं.

"फक्त एक रकाना राहिला," रक्षामॅडम म्हणाल्या. "या पंधरा दिवसांत काम बंद होतं का?"

"न्हाय," विनोद म्हणाला. "एक दीस बी न्हाय."

इतक्या पटकन म्हणाला की मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं माग विकूया म्हणणारा माझा मुलगा मागांसाठी खोटं बोलत होता. का, ते मला कळेना. आणि गप्प बसावं हेही मला जमेना. एक दिवसही बंद नव्हतं असं कागदावर चढलं, म्हणजे मालू गेलीच नाही. तिच्या दहाव्याच्या दिवशी, तिच्या भिंतीला लागून, मी तिचं जाणं खोडायचं?

"नऊ दीस बंद हुतं," मी म्हणाले. "शेजारीन गेली माजी."

"आई!" विनोद म्हणाला.

एकदा तोंड उघडलं ते मिटेना. आधीच्या पंधरा दिवसांत दोनच माग लावले होते, बत्ती लावली नव्हती, पंखा लावला नव्हता, सगळं सांगून टाकलं. रक्षामॅडमनी पेन खाली ठेवलं.

"पण का बायाक्का? मी नेहमीसारखं म्हणाले होते."

"तुमी बगनार हुतासा म्हनून."

त्यांनी नऊ दिवस वजा केले. परत गणित केलं. वीज वाढलेली निघाली.

"मग परत मोजा की," मी म्हणाले. "आता मी चांगली उधळते."

"आधीचं आता कसं मोजणार? जुन्या मोटरा वितळल्या." त्यांचा आवाज खरंच पडला होता. "मला खरं तेच लिहावं लागंल. आठ दिवसांत मोटरा परत द्यायच्या, न्हाईतर पूर्ण किंमत भरायची. मला माफ करा."

त्या गेल्या. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. कंपनीने फसवलं नव्हतं, पोरीने फसवलं नव्हतं, मालूने वाईट सांगितलं नव्हतं. मग माझे माग गेले कसे?

"बोलव भरमूला," मी म्हणाले. "तुज्या मनासारखं झालं."

विनोद एका मोटरवर हात ठेवून उभा होता. "मोटरा ऱ्हाऊ देत," तो म्हणाला. "पगारातनं हप्त्यानं भरतो मी."

"आरं, दोन वरसं माजं डोकं खाल्लास की इकूया म्हनून! अन् आता खोटं बी बोललास. काय चाललंय तुजं?"

माझ्या मुलाला बोलायची सवय नाही, ती सगळी मीच घेतली.

"नऊ दीस बगितलं की तुला," तो म्हणाला. "बंद मागाम्होरं बसून रडत हुतीस. च्या बी घेत नव्हतीस. नुसतं बंद पडल्यावर ही गत, तर इकल्यावर काय हुईल? लई भ्या वाटलं मला. मला न्हाय इकायचं आई. तू ऱ्हा मागावर, जवर हाईस तवर."

मी तोंड उघडलं. अरे वेड्या, मी मागांसाठी रडत नव्हते, मालूसाठी रडत होते, माग आपले समोर होते इतकंच. अगदी ओठांवर आलं. दहा मिनिटांपूर्वी एका परक्या पोरीसमोर मला खरं आवरलं नव्हतं आणि हा तर पोटचा मुलगा, डोळ्यांत पाणी आणून उभा. पण खरं काय होतं? मालूसाठीच रडत होते का मी? नऊच्या नऊ दिवस? त्या बंद मागांकडे बघताना, हे गेले तर, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं का?

"व्हय रं," मी म्हणाले. "मागासाटीच रडत हुते."