शेपूट आल्याशिवाय छत्री हलत नाही

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी छत्री आहे. पण पावसाबद्दल मला काही विचारू नका. उभ्या आयुष्यात मी चार-दोन वेळाच काय ती भिजले असेन. जन्म छत्रीचा आणि काम झेंड्याचे, असे माझे नशीब. मिटलेल्या अंगाने, उंच धरलेल्या हातात राहून मी बंदराच्या या जुन्या शहरात माणसे हिंडवली. त्यात माझा स्वभाव मेला काळजीचा. माणसे शहर बघत आणि मी माणसे बघत असे.

एका अरुंद खोलीत माझा जन्म झाला. छत्र्या बनवणारा कारागीर आणि त्याची बायको तिथे समोरासमोर बसत. तो काड्या बसवी, ती कापड शिवी. कुठून तरी उरलेले पिवळेधमक कापड तिने मला लावले आणि लगेच तोंड वाकडे केले. "एवढी भडक छत्री घेऊन कोण हिंडणार?" ती म्हणाली. तिचे खरेच झाले. काळ्या छत्र्या भराभर विकल्या गेल्या, मी आपली खिळ्यावर टांगलेली. मग एक दिवस एक उंच, सडपातळ तरुण आला.

"लांबून दिसेल अशी एखादी आहे का?" त्याने विचारले.

"ही आहे. समुद्रातून दिसेल," कारागीर म्हणाला. "फक्त घेणाऱ्याला लाज नको."

"लाज असती तर गाईड कशाला झालो असतो?" तो हसला आणि त्याने मला घेतले.

सगळे पुढे त्याला बाबा म्हणू लागले, म्हणून मीही त्याला बाबाच म्हणते. बाबांचा धंदा म्हणजे पाहुण्यांना जुने बंदर पायी फिरवून दाखवणे. घड्याळाच्या मनोऱ्याखाली सगळे जमले की ते मला उंच धरत आणि पहिला धडा देत. "छत्री वर, पाय चालू. छत्री खाली, पाय थांबले. आणि शेपूट आल्याशिवाय छत्री हलत नाही!"

शेपूट म्हणजे त्यांची मुलगी. तिची आई लवकर गेली. घरी सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून बाबा तिला बरोबर आणत आणि रांगेच्या अगदी शेवटी चालायला लावत. काम असे की कोणी मागे रेंगाळले तर त्याला पुढे हाकलायचे. वळण आले की बाबा थांबत, मागे बघत आणि ओरडत, "शेपूट कुठंय?" मग सगळ्यांच्या मागून एक चिमुकला हात वर येई. "आले हो!" तो हात दिसला की माझ्या जिवात जीव येई आणि मग आम्ही पुढे निघत असू.

बाबांची आणखी एक खोड होती. ते उलटे चालत. पाहुण्यांकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. रस्ते इतके पायाखालचे की दगड कुठे वर आलाय, पायरी कुठे आहे, सारे टाचांना ठाऊक. पाहुणे माना डोलवत, "वा, काय गाईड आहे!" म्हणत, आणि मी मात्र त्यांच्या पाठीमागचा रस्ता बघत राही. मला वाटे, बाबा, एकदा तरी मान वळवा हो. पण ते कधी अडखळले नाहीत. जकात कचेरीवरून, दोरखंड वळणाऱ्यांच्या गल्लीतून, शेवटी दगडी कमानीखाली. तिथली साखळी ते स्वतः काढत आणि पलीकडच्या लाकडी पुलावरून सगळ्यांना गोदीच्या दुसऱ्या काठाला नेत. एखादी वस्तू लांबून दाखवणे त्यांना पटतच नसे. "लांबून दाखवायला मी कशाला पाहिजे? जवळ चला," म्हणत.

दिवस कसे गेले कळले नाही. माझा पिवळा रंग फिका पडला, एक काडी गंजली. शेपूट मोठी झाली. आणि बाबा विसरू लागले. आधी चष्मा, मग शब्द. मग एका फेरीत ते मनोऱ्याखाली उभे राहिले आणि पुढे काय सांगायचे तेच त्यांना आठवेना. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी वर होते आणि पाय कोणाचेच चालू नव्हते. त्या दिवसानंतर मी घरात दाराआड गेले, केरसुणीच्या शेजारी. तिथे कोणी वाईट वागले नाही, पण कोणी बघितलेही नाही. त्याच काळात गोदीवरचा लाकडी पूल कुजला म्हणून काढून टाकला. सुरुवातीच्या दोन-चार फळ्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्याखाली खोल पाणी.

पुढे शेपूटच गाईड झाली. पाहुणे तिला ताई म्हणत. तिने मला पुसले, गंजलेल्या काडीला तेल लावले आणि फेरीचा रस्ता बदलला. आता आम्ही दोरखंड गल्लीच्या टोकाला डावीकडे वळत असू, कमानीकडे जातच नसू. बाबांना घरी ठेवायची तिला धास्ती वाटे. एकदा ते गॅस चालू करून काडेपेटी शोधायला शेजारी गेले होते. म्हणून तीही त्यांना बरोबर आणी आणि पाहुण्यांना सांगे, "हे माझे बाबा. या फेरीचे पहिले गाईड." बाबा नुसते हसत. पण त्यांचा उजवा हात माझ्याकडे सारखा वळवळे. तो हात मला जन्मभर ओळखीचा, तरी मला त्याची भीती वाटू लागली. माणूस विसरला होता, हात काहीच विसरला नव्हता.

आणि व्हायचे तेच झाले.

त्या दिवशी भरती होती. दोरखंड गल्लीत एका मावशींचा पाय ओबडधोबड दगडावर मुरगळला आणि त्या मटकन खाली बसल्या. ताईला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने मला बाबांच्या हातात दिले. "बाबा, जरा धरा. आलेच मी." मावशींना आधार देत ती शेजारच्या रंगाच्या दुकानात शिरली.

बाबांची बोटे माझ्या मुठीभोवती बसली, जुन्या जागी, जशीच्या तशी. त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी मला वर उचलले.

"छत्री वर, पाय चालू!"

मित्रांनो, सगळे निघाले! त्यांचा काय दोष? सकाळीच त्यांना शिकवले होते, छत्रीमागे चला. आवाज खणखणीत, पाहुणे खूश. सर्वांत पुढे एक टोपीवाले गृहस्थ होते. सगळ्यातले आपल्यालाच कळते, असा त्यांचा थाट.

"ही सुतारांची वखार," बाबा म्हणाले. "आत बघा, केवढं लाकूड रचलंय."

समोर काचेचे हॉटेल होते.

"पण काका, हे तर हॉटेल आहे," कोणीतरी कुजबुजले.

"अहो, कल्पना करायची असते," टोपीवाले म्हणाले. "मोठे गाईड असंच सांगतात."

माझ्या काड्या आकसल्या. बाबा आजच्या शहरात नव्हतेच. ते जुन्या शहरात चालत होते, उलटे, पाठमोरे, आणि त्या शहरात तो पूल अजून उभा होता. डावे वळण आले आणि गेले. मला ओरडता येत असते तर मी घसा फुटेपर्यंत ओरडले असते. पण छत्रीला तोंड कुठे?

कमान आली. तिथे साखळी होती, पाटीही होती. पण खाऱ्या वाऱ्याने पाटीवरची अक्षरे केव्हाच धुऊन नेली होती. बाबांनी मागे न बघता, सवयीने, साखळीचा आकडा काढला.

"आपल्याला खास आत नेतायत!" टोपीवाले आनंदाने म्हणाले आणि सगळे कमानीकडे सरकले. कमानीतल्या अंधारामुळे पलीकडचे त्यांना दिसत नव्हते. मला दिसत होते. तीन-चार कुजक्या फळ्या आणि खाली हिरवेकाळे पाणी, काठाला धडका देणारे. बाबांची टाच पहिल्या फळीला लागली. फळी कुरकुरली.

आणि बाबा थांबले.

त्यांनी टाचा उंच केल्या, सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे पाहिले आणि हाक मारली, "शेपूट कुठंय?"

कोणाला काही कळेना. "काका, आम्ही सगळे आहोत," एक जण म्हणाला.

"तुम्ही आहात हो. पण माझी शेपूट आली नाही. छोटी आहे ती. ती आल्याशिवाय छत्री हलत नाही."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला ताई दिसली. धावत येत होती, ओढणी खांद्यावरून घसरलेली, तोंड पांढरेफटक. बाबांची हाक तिने ऐकली. किती वर्षांनी ऐकली! मला उंचावरून स्पष्ट दिसले, तिचा हात आपोआप वर जाऊ लागला, ओठ उघडले. "आले हो" अगदी जिभेवर आले होते.

माझे कापड थरथरले. नको गं पोरी, ओरडू नको! तू आलीस म्हटले की ते निघतील. एकच पाऊल पुरे.

तिनेही ते त्याच क्षणी ओळखले असावे. हात अर्ध्यावरच थांबला. ते शब्द तिने गिळले. टोपीवाले वळून म्हणाले, "ही काय, तुमची..." तिने ओठांवर बोट ठेवले आणि त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांचे वाक्य तिथेच राहिले. मग तिने चाल मंद केली, ओढणी नीट केली आणि नुकत्याच आलेल्या एखाद्या पाहुण्या बाईसारखी बाजूने पुढे आली.

"साहेब, एक विचारू का?" ती आपल्या वडिलांना म्हणाली. "ते मनोऱ्यावरचं घड्याळ नेहमी पुढे का असतं?"

गाईडला प्रश्न विचारला की तो विरघळतो. बाबांनी मला खाली केले.

"छान प्रश्न विचारलात, बाई. खलाशांची भरती चुकू नये म्हणून ते मुद्दाम पुढे ठेवलंय. आळशी माणसाला खोटं घड्याळच खरं जागं करतं." सगळे हसले. "पण असं लांबून काय सांगायचं? जवळ चला."

आणि बाबा काठापासून निघाले. एक पाऊल, दुसरे, मग कमानीबाहेर, उन्हात. ताई त्यांच्या बाजूने चालत होती, पण अजून त्यांना हात लावत नव्हती. पुरेसे लांब आल्यावर तिने त्यांचा दंड धरला, तो असा की बोटे पांढरी पडली.

"बाई," बाबा हळूच म्हणाले, "तुम्हाला मागे एक लहान मुलगी दिसली का हो? ती घाबरली असेल."

"दिसली," ताई म्हणाली. "घाबरली होती. आता ठीक आहे."

टोपीवाले कमानीत जाऊन पलीकडे डोकावले. परत आले तेव्हा टोपी हातात होती.

ताई त्या रात्री स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने बाबांना घरी ठेवले, सोबतीला शेजारच्या वहिनी. मलाही घरीच ठेवले आणि स्वतः काठीला निळे कापड बांधून फेऱ्या करू लागली. पण बाबांनी मला दाराआडून शोधून काढले. ते मला वर धरून उंबऱ्यात उभे राहत. जेवायला बसेनात. वहिनी म्हणत, "काका, बसा की आता." ते म्हणत, "शेपूट यायचीय." संध्याकाळी ताई दारात आली की तिच्याकडे बघत आणि विचारत, "बाई, वाटेत मुलगी दिसली का?" मला वाटे, याहून ते पाणी बरे होते का? नाही, तसेही नाही. पण काळजाला घरे पडत, एवढे खरे.

असे बरेच दिवस चालले. एका संध्याकाळी ताई त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि एकदम म्हणाली, "बाबा, उद्या माझ्याबरोबर या. मला शेवटी चालायला माणूस हवंय."

तेव्हापासून मी रांगेच्या शेवटी असते. पुढे ताई आणि निळे निशाण, मागे बाबा आणि मी. त्या मुरगळलेल्या पायाच्या मावशी इथल्याच निघाल्या. फेरी असली की त्या येतात आणि बाबांचा दुसरा हात धरून चालतात. पुढारपण गेले म्हणून मला मुळीच वाईट वाटत नाही. पुढे असताना मी नुसती दिसत होते. आता मला कोणीतरी शोधते.

मित्रांनो, उंच धरलेल्या वस्तूमागे डोळे मिटून जाऊ नका, ती मी असले तरी. आणि तुम्ही पुढे असाल तेव्हा वळणावर थांबा, मागे बघा. तुमच्या घरातही कोणीतरी हळू चालणारे असेल. ते आल्याशिवाय निघू नका. मला तेल लावले नाही तरी चालेल, पण एवढे करा.

माझी काळजी अजून गेलेली नाही. ती जाणारही नाही. दर वळणावर ताई थांबते, टाचा उंच करते आणि ओरडते, "शेपूट कुठंय?" काही वेळा बाबा लगेच उत्तर देत नाहीत. ते समुद्राकडे बघत असतात. सगळी रांग वळून बघते, आणि माझ्या काड्या आकसून जातात. वाटते, आज नाही. आज ते हेही विसरले.

मग तो हात हलतो. मी वर जाते, फिकी पिवळी, सगळ्यांच्या डोक्यांवर.

"आलो हो!"