अम्माने दिलेला निरोप

अम्माला महिनाभर तरी घेऊन जा, एवढंच मागायला मी माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला चेन्नईहून कुंभकोणमला बोलावलं होतं. महिनाभर मला नुसतं झोपायचं होतं. तिला अल्झायमर आहे, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. फोनवर अण्णाला ते पटत नव्हतं. म्हटलं, ये आणि डोळ्यांनी बघ.

त्याने बघितलं. सकाळी माझ्या अंगावर ताट भिरकावणारी, चपला फ्रीजमध्ये ठेवणारी आमची अम्मा पाहुणे दारात दिसताच पदर सावरून उभी राहिली. "या, या. जेवलात का? मुलं बरी आहेत ना?" वासंती वहिनीला तिने जवळ बसवलं, तिच्या केसांत मोगरा माळला. नाव एकाचंही घेतलं नाही, पण ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार? आल्यागेल्याचं करण्यात तिचा जन्म गेला, तेवढं तिच्या हातांना अजून येतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"कोदै, तू पण ना, राईचा पर्वत करतेस," अण्णा म्हणाला. "वयाने सगळेच विसरतात. इथेच बरी आहे ती. सवयीचं घर आहे."

"मग तू राहा ना सवयीच्या घरात. चार दिवस राहून बघ."

"मला रजा कुठे आहे?"

"आणि मला?"

त्यावर तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

निघताना अम्माने रीतीप्रमाणे वहिनीला कुंकू लावलं, पानसुपारी, हळकुंड, नारळ हातात दिला. "बघ, काही विसरली का?" अण्णा मला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. गाडी कोपऱ्यावरून वळली.

मग अम्मा तबक घेऊन माझ्याकडे वळली. मला कुंकू लावलं, हातात पानसुपारी ठेवली, गालावरून हात फिरवला. "बराच वेळ थांबलात हं. घरी वाट बघत असतील. सावकाश जा." ती आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.

मी बाहेर, पायात चपला, रस्ता मोकळा. इतक्या वर्षांत मला कुणी जा म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मी फाटक उघडलं, बाहेर पाऊलही टाकलं. पण आत गॅसवर दूध होतं आणि तिला गॅस बंद करता येत नाही. मुकाट्याने परत आले आणि खिडकीतून म्हटलं, "अम्मा, दार उघड."

तिने गजांतून मला निरखलं आणि ती घाबरली. "थांबा हं. मी एकटी दार उघडत नाही. माझी मुलगी आहे घरात, ती मला सोडून कुठे जात नाही." मग रिकाम्या घराकडे तोंड करून तिने हाक मारली, "कोदै, अगं कोदै, बघ गं कोण आलंय."

"आले गं, अम्मा," मी बाहेरून म्हणाले.